सगळ्यात शेवटी फिरवायचा स्क्रू

जुन्या गाडीचं स्टेअरिंग ढिलं झालं की बहुतेक मालक एकच गोष्ट करतात. स्टेअरिंग बॉक्सच्या झाकणावर एक स्क्रू असतो, त्याला चेकनट असतो. नट सैल करायचा, स्क्रू थोडा आवळायचा, नट पुन्हा घट्ट. पाच मिनिटांचं काम, खर्च शून्य. गाडी लगेच सुधारल्यासारखी वाटते आणि तिथंच घात होतो. पहिल्या मोठ्या वळणावर गाडी वळते, पण वळण संपल्यावर स्टेअरिंग आपणहून सरळ होत नाही, ओढून आणावं लागतं. हा दुसरा दोष पहिल्यापेक्षा वाईट. ढिल्या स्टेअरिंगची हाताला सवय होते, अडकणाऱ्या स्टेअरिंगची होत नाही.

आमच्या घरांच्या ओळीतल्या एका बाईंच्या गाडीचं नेमकं हेच झालं होतं. गाडी ऑस्टिन-हीली ३०००, १९६२ सालची. आम्ही राहतो इंग्लंडमध्ये, कव्हेंट्रीला. बाईंचे यजमान गेले, गाडी मागे राहिली. विकून टाका, असं सगळे सांगत असताना बाईंनी ठरवलं की ती आता आपण चालवायची. वय पंचाहत्तरच्या पुढचं. मी त्यांच्याहून थोडी लहान, निवृत्त. इथल्या एका कॉलेजात मुलांना फिटिंग आणि टर्निंग शिकवण्यात नोकरीची वर्षं गेली. माझं खरं शिक्षण मात्र कोल्हापूरच्या उद्यमनगरात झालं, वडिलांच्या गॅरेजमध्ये. ते गॅरेज आता दादा बघतो.

वडिलांकडे येणाऱ्या निम्म्या गाड्या जीप असत. कारखान्याच्या, गुऱ्हाळवाल्यांच्या आणि पुढं वडापच्या, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या. विलीज जीपचं स्टेअरिंग रॉस पद्धतीचं: वळणावळणाची खाच पाडलेला वॉर्म आणि त्या खाचेत सरकणारे दोन पेग. हीलीच्या बॉक्समध्ये पेग एकच असतो, पण जात तीच. त्यामुळे इंग्रजांच्या या लाडक्या स्पोर्ट्स कारच्या पोटात डोकावले तेव्हा मला सगळे ओळखीचेच भेटले.

गाडीची कुळकथा थोडक्यात सांगते. डोनाल्ड हीली हा कॉर्नवॉलमधल्या पेरनपोर्थ गावचा माणूस. १९३१ची माँटे कार्लो रॅली त्यानं इन्व्हिक्टा गाडीतून जिंकली होती. पुढं त्यानं वॉरिकला, म्हणजे आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, स्वतःच्या नावाच्या गाड्या बनवायला सुरुवात केली. १९५२च्या ऑक्टोबरात लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात त्यानं ‘हीली १००’ मांडली. इंजिन ऑस्टिन ए-९० अटलांटिकचं, पुढचं सस्पेन्शन आणि स्टेअरिंगही ऑस्टिनच्याच भागांतून जुळवलेलं. ऑस्टिनचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड यांना ती इतकी आवडली की प्रदर्शन चालू असतानाच सौदा ठरला आणि गाडीचं नाव ऑस्टिन-हीली झालं. बॉडी वेस्ट ब्रॉमविचला जेन्सन कंपनीत बनायची; जुळणी आधी लाँगब्रिजला आणि १९५७नंतर अ‍ॅबिंग्डनला. १९५९ साली २९१२ सीसीचं सहा सिलिंडरचं इंजिन घालून ३००० आली आणि १९६७च्या अखेरीपर्यंत चालली. बहुतेक गाड्या अमेरिकेत गेल्या.

याच गाडीतून १९६० साली पॅट मॉस आणि अ‍ॅन विज्डम या दोघींनी लीएज-रोम-लीएज ही रॅली जिंकली. महिलांच्या गटात नव्हे, सगळ्यांत पहिल्या आल्या. युगोस्लाव्हियाच्या खडबडीत रस्त्यांवरून रात्रंदिवस, जवळजवळ न थांबता, आणि तेही याच वॉर्म-पेगच्या स्टेअरिंगनं. बाईंना हे पाठ होतं. ‘पॅटला आल्प्स ओलांडता आले, तर मला सुपरमार्केटपर्यंत का जाता येऊ नये?’ असा त्यांचा सवाल. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी पाने काढले.

खरं तर तेव्हाच्या मानानंही हे स्टेअरिंग मागासलेलं होतं. रॅक अँड पिनियन, म्हणजे दातेरी दांडी आणि तिला सरकवणारं छोटं दातेरी चाक, इंग्लंडमध्ये नवीन नव्हतं. १९४८च्या मॉरिस मायनरला ते होतं. जॅग्वारच्या एक्सके-१२०ला बॉक्स होता, पण १९५४च्या एक्सके-१४०ला रॅक आला. हीलीचीच धाकटी बहीण स्प्राइट १९५८ साली रॅक घेऊनच जन्मली. ट्रायम्फ टीआर-४ला १९६१ साली, एमजीबीला १९६२ साली, सगळ्यांना रॅक. मोठी हीली मात्र शेवटपर्यंत बॉक्सवरच राहिली. गंमत म्हणजे आपल्या अँबॅसिडरला रॅक होता. म्हणजे कोल्हापूरच्या स्टँडवरच्या टॅक्सीचं स्टेअरिंग या देखण्या स्पोर्ट्स कारपेक्षा पुढारलेलं होतं. हे मी बाईंना अजून सांगितलेलं नाही.

आता हाताची हालचाल रस्त्यापर्यंत कशी पोचते ते बघू. हातातल्या चाकाला जोडलेला लांब दांडा सरळ पुढं, गाडीच्या नाकाजवळच्या बॉक्सपर्यंत जातो. मध्ये सांधा नाही. दांड्याच्या टोकालाच वॉर्म असतो. (अपघातात हा अखंड दांडा सरळ छातीवर येतो. त्या काळच्या पुष्कळ गाड्यांचं असंच होतं.) वॉर्म फिरला की त्याच्या खाचेत बसलेला पेग पुढं-मागं सरकतो. पेग ज्या शाफ्टच्या हातावर बसवलेला असतो तो शाफ्ट थोडा फिरतो आणि बॉक्सबाहेरचा ड्रॉप आर्म हलतो. ड्रॉप आर्मला जोडलेली एक आडवी दांडी गाडीच्या दुसऱ्या बाजूच्या आयडलरपर्यंत जाते. आयडलर म्हणजे दुसऱ्या बाजूचा ड्रॉप आर्मच, फक्त त्याला स्वतःचं डोकं नाही. पहिला हलेल तसा तो हलतो. या दोघांपासून एकेक बाजूची दांडी निघते आणि चाकाच्या स्टेअरिंग आर्मला जाऊन मिळते. आर्म ज्या स्टब अ‍ॅक्सलला बोल्ट केलेला असतो तो किंगपिनभोवती फिरतो. तेव्हा कुठं टायर वळतो.

या साखळीत बॉल जॉइंट सहा. मधल्या दांडीला दोन, बाजूच्या दोन्ही दांड्यांना दोन-दोन. शिवाय वॉर्म आणि पेग, ड्रॉप आर्मच्या शाफ्टचे बुश, आयडलर, दोन किंगपिन आणि त्यांचे वरचे-खालचे बुश, चाकाची बेअरिंग. इतक्या जागांपैकी प्रत्येक जागा आपापला वाटा मागते.

तो वाटा किती, याचा हिशोब करून बघण्यासारखा आहे. हातातलं चाक साधारण चौदा-पंधरा अंश फिरलं की रस्त्यावरचं चाक एक अंश वळतं. उलट बाजूनं बघा: रस्त्यावरच्या चाकात अर्धा अंश ढिलाई असेल तर हातात सात अंश लागतात, म्हणजे सोळा इंची स्टेअरिंगच्या कडेवर जवळजवळ एक इंच. आता स्टेअरिंग आर्मची लांबी पाच-साडेपाच इंच धरली, तर तिथं अर्धा अंश म्हणजे सव्वा मिलिमीटर. सहा सांध्यांत वाटला तर प्रत्येकी एक-पंचमांश मिलिमीटर. इतकी ढिलाई एकेका सांध्यात डोळ्याला दिसत नाही. म्हणूनच मालक म्हणतो, ‘सांधे सगळे ठीक आहेत, बॉक्सच गेलाय.’

किती प्ले, म्हणजे ढिलाई, चालतो याची कायद्यातली मर्यादा ऐकून लोक दचकतात. ब्रिटनच्या वार्षिक वाहन तपासणीत पंधरा इंची स्टेअरिंगच्या कडेवर रॅकवाल्या गाडीला साधारण १३ मिलिमीटर चालतात, बॉक्सवाल्या गाडीला ७५. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ९८वा नियम स्टेअरिंगला ३० अंशांपर्यंत प्ले चालवून घेतो. त्याच पंधरा इंची चाकावर हे दहा सेंटिमीटर होतात. वडापच्या जीपवाल्यांना हा नियम माहीत नसे, पण ते तो काटेकोर पाळत. शिवाय ब्रिटनमध्ये मे २०१८पासून चाळीस वर्षांपेक्षा जुन्या, फारसे बदल न केलेल्या गाड्यांना ही तपासणी सक्तीची राहिलेली नाही. म्हणजे या हीलीकडे सरकारतर्फे कुणी बघणार नाही. चालवणाऱ्यानंच बघायचं. बाईंच्या गाडीचा प्ले तीन इंचांच्या आतच होता, कागदावर पास. पण मोठ्या ट्रकच्या शेजारून जाताना त्यांचे तळवे ओले होत.

दादाला फोन केला. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘अगं, बॉक्सकडं नंतर बघ. टायरपास्नं सुरू कर आणि वर ये.’ वडीलही हेच सांगत. रस्त्यापासून हातापर्यंत यायचं, हातापासून रस्त्यापर्यंत जायचं नाही. वरून सुरुवात केली की पहिल्याच मुक्कामाला बॉक्स लागतो आणि माणूस तिथंच थांबतो.

टायर दिसायला नवे होते, खाच भरपूर. पण बाजूच्या भिंतीवरच्या चार आकड्यांनी वय सांगितलं; पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. जी हीली उन्हाळ्यात चार रविवार बाहेर निघते तिचे टायर झिजत नाहीत, ते नुसते म्हातारे होतात. रबर कडक होतं, बाजू तडकते आणि गाडी रस्त्यावरच्या प्रत्येक खाचेमागं धावते. टायर बदलल्यावर बाईंची निम्मी तक्रार गेली, हे आधीच सांगून टाकते.

तारांची चाकं हे वेगळं प्रकरण. पान्यानं प्रत्येक स्पोकवर हलकी टिचकी मारायची. ताणलेला स्पोक वाजतो, सैल स्पोक बद्द बोलतो. हबवरच्या दात्यांची, म्हणजे स्प्लाइनची, झीज आणखी लबाड: गाडी पुढं घेताना आणि ब्रेक दाबताना टक्कन आवाज येतो, चाक हबवर किंचित सरकतं आणि दोष स्टेअरिंगच्या नावावर जमा होतो. बाईंचे स्प्लाइन ठीक निघाले.

मागच्या बाजूलाही एक चोर लपलेला असतो. हीलीचा मागचा अ‍ॅक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून त्याला एक आडवी दांडी असते, पॅनहार्ड रॉड. अगदी शेवटच्या काळातल्या गाड्यांत तिच्याऐवजी रेडियस आर्म आले. तिच्या टोकाची रबरं गेली की मागचा भाग वळणावर स्वतःच्या मर्जीनं बाजूला होतो आणि चालवणाऱ्याला वाटतं, पुढचं स्टेअरिंग ढिलं आहे. ही रबरं हातात घेताच चुरा झाली. स्वस्त वस्तू, बदलून टाकली.

मग पुढची बाजू जॅकवर, खाली घोड्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली मी कुणालाही जाऊ देत नाही. चाक वर आणि खाली धरून हलवलं की टकटक लागते. ती बेअरिंगची की किंगपिनची हे ओळखायची युक्ती सोपी आहे. दुसऱ्या माणसानं ब्रेक दाबून धरायचा. ब्रेक दाबला की हब आणि स्टब अ‍ॅक्सल एक होतात; तरीही टकटक राहिली तर दोष किंगपिनमध्ये. बाईंनी ब्रेक दाबला. डावीकडची टकटक थांबली, ती बेअरिंगची होती, शिम, म्हणजे पातळ चकत्या, बदलून बसली. उजवीकडची तशीच राहिली.

किंगपिन कधी मरतो? ग्रीस मिळालं नाही तर. ग्रीस भरायचे निपल तिथं असतात, ग्रीसगन लावणारेही असतात, पण आतलं जुनं ग्रीस वाळून मेणासारखं झालं की नवं आत शिरतच नाही, बाहेरच्या कडेनं ओघळतं, आणि ते बघून मालकाचं समाधान होतं. शिवाय बहुतेक लोक गाडी चाकांवर उभी असतानाच ग्रीस मारतात. त्या वेळी पिन ज्या बाजूला दाबलेला असतो त्या बाजूला फट नसते, आणि ग्रीसची खरी गरज तिथंच असते. चाक उचलून, स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत ग्रीस मारावं.

उजवा स्टब अ‍ॅक्सल बाहेर काढला. पिनवर नखाला लागेल अशी पायरी पडली होती. नवा पिन, नवे बुश, हे दुकानातून मिळतं. पण बुश ठोकून बसवले म्हणजे काम झालं, असं नाही. दाबून बसवताना बुश आत आक्रसतो, त्यात पिन जातच नाही. मग त्याला रीमर मारून नेमक्या मापाचं करावं लागतं. दोन्ही बुशांतून एकाच वेळी जाणारा लांब रीमर हवा. त्याचा एक भाग नुसती वाट दाखवतो आणि दुसरा कापतो. वरचा बुश वेगळा आणि खालचा वेगळा रीम केला, तर दोन्ही भोकं आपापल्या जागी बरोबर, पण एका रेषेत नाहीत. मग पिन घट्ट बसतो, माणूस खूश होतो, आणि हजार मैलांत तो घट्टपणा दोन विरुद्ध कोपरे खाऊन ढिलाई परत आणतो.

रीमर हातानं फिरवायचा. एकाच दिशेनं, तेल लावून, जोर न देता. बाहेर काढतानासुद्धा उलटा फिरवायचा नाही, नाहीतर धार जाते आणि भोकाला ओरखडे पडतात. मला हे काम अतिशय आवडतं. कापलेल्या पितळी चुऱ्याचा बारीकपणा बोटांना सांगतो की आता थांबायचं. कॉलेजात मुलं विचारायची, ‘मॅडम, किती घट्ट?’ मापात सांगता येतं, सांगायचेही. पण खरी चाचणी अशी की तेल लावलेला पिन अंगठ्यानं ढकलला की जावा आणि सोडला की स्वतःच्या वजनानं घसरू नये. बुशातलं भोक ग्रीसच्या वाटेसमोर येईल असाच तो बसवावा लागतो. ते चुकलं की निपल आयुष्यभर शोभेचा. शेवटी वरच्या बाजूला जो पातळ वॉशर येतो तो वेगवेगळ्या जाडीत मिळतो, त्यातून नेमका निवडून उभी हालचाल मारायची. बाई शेजारी स्टुलावर बसून वॉशर मायक्रोमीटरनं मोजून वहीत लिहीत होत्या. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेलं. त्यांच्या वहीत दशांश चिन्हाला चूक नव्हती.

बॉल जॉइंट तपासताना गाडी चाकांवर उभी हवी. एकानं स्टेअरिंग थोडंथोडं इकडे-तिकडे हलवायचं, दुसऱ्यानं खाली जाऊन प्रत्येक सांध्यावर तळहात ठेवायचा, असा की बोटं दांडीवर आणि तळवा आर्मवर. दोन्ही एकदम हलत असतील तर सांधा जिवंत. एक आधी आणि दुसरं मागून हलत असेल तर बोटांना ते लगेच कळतं. सहांपैकी दोन गेलेले होते. ज्यांची रबरी टोपी फाटली होती तेच.

सांधा निमुळत्या बुडानं आर्ममध्ये रुतलेला असतो आणि साठ वर्षांनी तो सोडायला तयार नसतो. इथं लोक दोन फाट्यांची पाचर ठोकतात. निघतो, पण रबरी टोपी फाटते, म्हणजे चांगला सांधाही वाया. उद्यमनगरची रीत अशी: नट थोडा सैल करून ठेवायचा, आर्मच्या डोळ्याच्या दोन्ही बाजूंना दोन हातोडे एकाच वेळी मारायचे. डोळा क्षणभर दबतो आणि सांधा टुणकन सुटतो. बाईंनी एक हातोडा हातात घेतला. ताल जुळायला थोडा वेळ लागला.

आयडलर हा या साखळीतला दुर्लक्षित भिडू. त्यात तेल घालावं लागतं हेच पुष्कळांच्या गावी नसतं. बाईंच्या आयडलरमध्ये तेलाऐवजी गंजाचं पाणी होतं, आणि त्याचा आर्म वर-खाली डुलत होता. आयडलर ढिला असला की एकच चाक उशिरा ऐकतं. म्हणून गाडी डावीकडे एका तऱ्हेनं वळते आणि उजवीकडे दुसऱ्या. बॉक्स कितीही आवळा, हा फरक जात नाही. आयडलर बदलला.

इतकं झाल्यावर स्टेअरिंगच्या कडेवरचा प्ले निम्म्यावर आला होता, आणि बॉक्सला अजून पानाही लागला नव्हता.

आता बॉक्स. पहिलं काम स्क्रूचं नाही, बॉक्स चेसिसला धरून ठेवणाऱ्या बोल्टांचं. एक बोट बॉक्सवर, एक चेसिसवर ठेवून स्टेअरिंग हलवायचं. बॉक्स स्वतःच हलत असेल तर आतल्या दुरुस्तीला अर्थ नाही. चेसिसच्या त्या कानाला तडा नाही ना, हेही ब्रशनं मळ काढून बघायचं. डॅशबोर्डखाली जो क्लॅम्प दांड्याला धरतो तो मात्र बोल्ट आवळण्याआधी सैल करायचा. दांडा अखंड असल्यामुळे वरून आणि खालून दोन्हीकडे जबरदस्तीनं आवळला की तो किंचित वाकतो आणि स्टेअरिंग जड होतं.

मग मधल्या दांडीपासून ड्रॉप आर्म मोकळा केला, म्हणजे चाकांचा भार नाही, फक्त बॉक्स बोलतो. स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. मधोमध प्ले आणि दोन्ही टोकांकडे जाताना घट्ट, इतकं की एका जागी जवळजवळ अडकत होतं. कुणीतरी, बहुधा यजमानांच्या काळात एखाद्या गॅरेजनं, तो स्क्रू आवळलेला होता.

असं का होतं? गाडी आयुष्यातला बहुतेक काळ सरळ चालते. त्यामुळे वॉर्मची खाच मधोमधच झिजते आणि टोकं नवी राहतात. रोज वाटण करून पाटा मध्येच झिजावा तसं. पाट्याला टाकी लावून घेता येते, वॉर्मला टाकी नसते. मधली ढिलाई मारण्यासाठी स्क्रूनं पेग खोल दाबला, की तोच पेग टोकांच्या न झिजलेल्या खाचेत जाऊन रुततो. बनवतानाच वॉर्म असा कापलेला असतो की मध्यावर पेग सर्वांत घट्ट आणि टोकांकडे जरा मोकळा असावा, कारण अचूकपणा सरळ चालतानाच हवा. झिजल्यावर हे बरोबर उलटं होतं.

स्टेअरिंग चाक काढून दांडा बॉक्ससकट पुढच्या बाजूनं ओढून काढला. पेगच्या एका बाजूला सपाट चट्टा पडला होता. खर्च टाळायचा असेल तर पेग दाबून बाहेर काढतात आणि फिरवून न झिजलेली बाजू पुढं करून परत बसवतात. जीपच्या बाबतीत वडील हेच करायचे, आणि वॉर्म चांगला असेल तर ते काही वाईट नाही. इथं वॉर्मच्या खाचेच्या कडेचा कडक थर उडालेला होता. त्याच्यावर नवा पेग चालवणं म्हणजे पेगचा बळी. नवा वॉर्म म्हणजे नवा अख्खा दांडा. बाईंनी किंमत ऐकली, यजमानांनी गोळा केलेली गोल्फच्या काठ्यांची पिशवी विकली आणि दांडा मागवला.

बॉक्समध्ये काय घालायचं यावर इथल्या हीलीवाल्यांत हाणामाऱ्याच काय त्या व्हायच्या बाकी आहेत. मूळ सूचना ईपी-९० तेलाची. पण दांड्याच्या पोकळीतून हॉर्न आणि इंडिकेटरच्या वायरींची बारीक नळी जाते, ती बॉक्सच्या पुढच्या टोकाला बाहेर येते, आणि तिथल्या नटाच्या जोडातून तेल गळतं. म्हणून लोक ग्रीस भरतात. ग्रीस गळत नाही हे खरं. पण पेग त्याला बाजूला सारतो आणि ते बाजूलाच राहतं, परत खाचेत येत नाही. मी तेलाच्या बाजूची. नळीचा जोड नवा घातला, थोडं गळतंच, पुठ्ठा खाली ठेवतो.

आणि मग तो स्क्रू. वॉर्मची लांबीतली हालचाल आधी शिमांनी मारून घेतली. मग स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत किती फिरतं ते मोजून बरोबर मध्यावर आणलं. स्क्रू हलक्या हातानं खाली, बोटांना किंचित ओढ लागेपर्यंत. चेकनट धरला. दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघितलं, कुठंही मध्यापेक्षा जड नाही. चेकनट आवळताना स्क्रूही थोडा फिरतो, म्हणून पुन्हा एकदा तपासलं.

हे सगळं करण्याऐवजी रॅकच घाला, असं सांगणारे भेटतात. तसे तयार संचही विकत मिळतात. मी त्याच्या विरुद्ध आहे, आणि त्याचं कारण जुन्याचा मोह नव्हे. रॅकच्या दोन्ही टोकांचे सांधे सस्पेन्शनच्या आर्मच्या बिजागऱ्यांशी नेमके जुळले नाहीत, तर खड्ड्यात चाक वर-खाली होताना गाडी आपणहून वळते. ऑस्टिननं दांड्यांच्या लांब्या त्या सस्पेन्शनला धरून ठरवल्या होत्या. कुणी सगळं मोजून, जुळवून रॅक बसवला असेल तर माझी हरकत नाही. पण बहुतेक ठिकाणी फक्त बोल्टांची भोकं जुळवलेली असतात.

टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांचा आत वळलेला किंचित कल, घरीच लावला. पुस्तकात एक-सोळांश ते एक-अष्टमांश इंच दिलंय. मागच्या चाकांपासून पुढं दोन्ही बाजूंना ताणून दोरी बांधली, गाडीला समांतर, आणि पोलादी पट्टीनं रिमची पुढची आणि मागची कड मोजली. मोजायचं काम अर्थात बाईंचं. दादाला फोनवर सांगितलं, ‘अर्धा सूत ते एक सूत.’ तो म्हणाला, ‘मग पाऊण ठेव,’ आणि लगेच उसाच्या दराकडे वळला.

रस्त्यावर घेतली तेव्हा कडेवर इंचाच्या आत प्ले राहिला होता. तो मी मुद्दाम ठेवला. बाईंना तोही नको होता. त्या स्क्रूकडे बोट दाखवत होत्या. मी नाही म्हटलं. वॉर्म-पेगच्या स्टेअरिंगला मध्यावर जरा श्वास लागतो, आणि नवे भाग एकमेकांना बसायचे बाकी आहेत. शंभर-दीडशे मैल झाले की बॉक्सचे आणि आयडलरचे बोल्ट पुन्हा पान्यानं बघायचे, सहाही सांध्यांच्या नटांवर नजर टाकायची, किंगपिनला चाक उचलून ग्रीस मारायचं, तेलाची पातळी बघायची. ही यादी बाईंनी वहीत लिहून घेतली आहे. स्क्रूच्या चेकनटवर मी पिवळ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवली आहे. कुणी हात लावला तर रेघ तुटेल आणि मला कळेल.